फॉर्ममधला ‘कधी’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी म्हणून मला इथे बोलावलं असलं तरी आज मी कवितेबद्दल बोलणार नाही. एका फॉर्मबद्दल आणि त्या फॉर्ममधल्या एका रकान्याबद्दल बोलणार आहे.

मी बी. ए. झालो तेव्हा आमच्या मोहल्ल्यात पदवीधर म्हणावेत असे तिघेच होतो. त्यातले दोघे आखातात गेले आणि मी कविता लिहीत गावात राहिलो. कवितेचं गावाला काय कौतुक असणार! पण याला इंग्रजी वाचता येतं एवढं कळल्यावर गावाने मला एक काम लावून दिलं, फॉर्म भरायचं. पासपोर्टचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे जहाजावर जाणाऱ्या मुलांचे फॉर्म. आमच्या किनाऱ्यावर हर्णै-दाभोळपासून खाली जयगडपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात जा. कुणाचा तरी भाऊ बोटीवर असतो, कुणाचा तरी मुलगा सीडीसीची वाट पाहत असतो. सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक. ते हाती आलं की मग कंपनी, मग मेडिकल, मग विमानाचं तिकीट.

असाच एक शेजारचा मुलगा सव्वादोन वर्षांपूर्वी फॉर्म घेऊन आला. त्याचं नाव सांगत नाही. कॉलेजसाठी मुंबईला असताना तो गर्दच्या नादी लागला होता. आईचा दागिना गेला, वर्ष गेलं. मग वडिलांनी हाताला धरून एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथून बरा होऊन आला, त्यालाही तीन वर्षं होत आली होती. त्या तीन वर्षांत त्याने पावडरीला हात लावला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कारण रोज संध्याकाळी तो माझ्याच ओट्यावर बसलेला असायचा.

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता. मराठीत सांगायचं तर असा : आपण कधीही अमली पदार्थांचं सेवन केलं आहे काय? त्यासाठी कधी उपचार घेतले आहेत काय? होय किंवा नाही.

“चाचा, काय लिहू?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “खरं लिही. आणि केंद्राचं प्रमाणपत्रही जोड. लपवलेलं उघडं पडलं तर जास्त वाईट.”

त्याने ‘होय’ लिहिलं. प्रमाणपत्र जोडलं. मुंबईला जाऊन लघवीची चाचणी देऊन आला. ती अर्थातच साफ निघाली. पण कंपनीचं बोलावणं आलं नाही. एजंटाने फोनवर एवढंच सांगितलं, की दुसऱ्या मुलाची निवड झाली. त्याच्याच बरोबरच्या आणखी एका मुलाने तोच फॉर्म भरला होता. त्याचीही मुंबईत तीच कथा, फक्त तो केंद्रात कधी गेला नव्हता. त्याने ‘नाही’ लिहिलं आणि पंधरा दिवस चहा-सिगरेटवर काढून चाचणी दिली. तो आज बोटीवर आहे.

मुलाच्या वडिलांनी मला दोष दिला नाही. पुढच्या शुक्रवारी मशिदीबाहेर चपला शोधताना ते हळूच म्हणाले, “भाई, तुम्ही शिकलेले. तुम्हाला खरं बोलणं परवडतं.”

ते वाक्य मला झोपू देईना. तेव्हापासून हा प्रश्न मुळात फॉर्मवर आला कुठून, याचा मी शोध घेत सुटलो. मुलगी इंटरनेटवरून कागद काढून देई आणि मी शब्दकोश घेऊन वाचत बसे.

धागा अमेरिकेला जाऊन पोचतो. १९७१ साली व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन पसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या. हेरॉइन म्हणजे आपल्या गर्दचं धुतलेलं, पांढरपेशा रूप. हे सगळे व्यसनी तरुण मायदेशी आले तर काय होईल, या धास्तीने अध्यक्ष निक्सन यांनी हुकूम काढला, की परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायची. साफ असेल त्याला विमानात जागा. नसेल त्याने तिथेच थांबायचं, उपचार घ्यायचे आणि पुन्हा चाचणी द्यायची. या मोहिमेला ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’ असं नाव पडलं. गोल्डन फ्लो म्हणजे सोनेरी धार. सैनिकांची विनोदबुद्धी जगभर सारखीच.

पण त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांना घरी गाठून प्रश्न विचारले, पुन्हा चाचण्या घेतल्या. व्हिएतनाममध्ये असताना पाचांतल्या एकाला व्यसन जडलं होतं. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी झालेल्यांपैकी शंभरातले जेमतेम पाच पुन्हा व्यसनात सापडले. तीन वर्षांत बारा. सरकारचाच आधी विश्वास बसेना. माणसं बदलली नव्हती, त्यांच्याभोवतीचं जग बदललं होतं. युद्ध नव्हतं, स्वस्तात हेरॉइन विकणारा पोरगा छावणीच्या दारात उभा नव्हता. आपल्याकडच्या गर्दुल्ल्यांना हे गणित जसंच्या तसं लावू नका. उपचार घेऊन तो त्याच गल्लीत, त्याच दोस्तांत परत जातो आणि बरेचजण घसरतात, पुन्हा केंद्रात येतात, पुन्हा उभे राहतात. पण ‘एकदा गर्दुल्ला तो कायमचा गर्दुल्ला’ हे शास्त्र नव्हे, एवढं तर त्या आकड्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलं.

चाचणीचं तंत्र मात्र राहिलं आणि ते सैन्यातून कचेरीत आलं. सप्टेंबर १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी आदेश काढला : सरकारी नोकराने कामावर असताना किंवा नसतानाही अमली पदार्थ घेता कामा नयेत, आणि नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या कुणाचीही चाचणी घेण्याची मुभा खातेप्रमुखाला राहील. पुढच्याच जानेवारीत मेरीलँड राज्यात रेल्वेचा भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली. मालगाडीच्या इंजिन ड्रायव्हरने गांजा ओढला होता असं निघालं. मग विरोध कोण करणार? तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. रेल्वे कर्मचारी आणि सीमाशुल्क खात्याचे नोकर असे दोन खटले होते. दोन्हींचे निकाल एकाच दिवशी लागले, २१ मार्च १९८९ ला, आणि चाचण्यांच्या बाजूने लागले. रेल्वेच्या निकालाला होकार देणारे न्यायमूर्ती स्कॅलिया सीमाशुल्काच्या निकालात मात्र विरोधात गेले. रेल्वेत नशेमुळे अपघात झाल्याचा पुरावा आहे, इथे काय आहे, असा त्यांचा सवाल होता. पुरावा असेल तिथे तपासा, केवळ दाखवण्यासाठी तपासू नका. हा न्यायाधीश एरवी चांगलाच सनातनी, म्हणून मला त्याचं विशेष वाटतं.

त्या निकालाला तीनच दिवस झाले आणि २४ मार्चच्या पहाटे अलास्काजवळ ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ नावाचं तेलवाहू जहाज खडकावर चढलं. सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. इथून हा धागा आमच्या कोकणाकडे वळतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

जहाजाचे कप्तान जोसेफ हेझलवूड दारू प्यायले होते असा बोभाटा झाला. खडकावर आदळलं तेव्हा सुकाणूच्या जागेवर ते नव्हते, हाताखालचा अधिकारी होता. पुढे ज्युरीने त्यांना नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून मुक्त केलं, निष्काळजीपणाने तेल सांडल्याबद्दल तेवढं दोषी धरलं. पण एक गोष्ट बाहेर आली : काही वर्षांपूर्वी त्यांनी दारूसाठी उपचार घेतले होते आणि कंपनीला ते ठाऊक होतं. यावर कंपनीने नियम केला, की ज्याने म्हणून व्यसनासाठी उपचार घेतले असतील, त्याला जोखमीच्या आणि वर देखरेख नसलेल्या जागांवर पुन्हा कधीच नेमायचं नाही. कधीच नाही. वीस वर्षं थेंबाला न शिवलेला असला तरी.

नियम नीट ऐका, श्रोतेहो. ज्याने दारू प्यायली तो अडकत नाही. ज्याने दारू सोडण्यासाठी डॉक्टर गाठला तो अडकतो. पिणाऱ्याची नोंद कुठे असते? बार-मालकाच्या वहीत. उपचाराची नोंद दवाखान्यात असते. माझ्या ओट्यावरच्या दोन मुलांचं जे झालं ते हेच.

अमेरिकेतल्या समान रोजगार आयोगाने या नियमावर खटला भरला. तिथे १९९० चा एक चांगला कायदा आहे, अपंगांच्या हक्कांचा. त्यात लिहिलं आहे, की आज नशा करणाऱ्याला संरक्षण नाही, पण उपचार पूर्ण करून नशा सोडलेल्याला त्याच्या जुन्या व्यसनापायी नाकारता येणार नाही. तरीही २००० साली अपील न्यायालयाने कंपनीला वाट मोकळी ठेवली. धंद्याची निकड म्हणून असा सरसकट नियम योग्य आहे हे कंपनीने पटवून द्यावं, एकेका माणसाचा धोका वेगळा मोजण्याची गरज नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

दुसरा एक खटला वाचताना मी कागद खाली ठेवून उठलो आणि अंगणात फेऱ्या मारल्या. जोएल हर्नांडेझ नावाचा कामगार, क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कारखान्यात २५ वर्षं नोकरीला. १९९१ मध्ये तो कामावर असताना त्याच्या लघवीत कोकेन सापडलं. काढून टाकण्यापेक्षा राजीनामा दे, म्हणाले. त्याने दिला. अडीच वर्षांनी त्याने त्याच कारखान्यात पुन्हा अर्ज केला आणि अर्जाला दोन पत्रं जोडली. एक त्याच्या चर्चच्या धर्मगुरूचं, दुसरं मद्यमुक्तांच्या मंडळातल्या सल्लागाराचं, की हा नियमित येतो आणि सुधारला आहे. अर्ज नामंजूर. शिस्तभंगामुळे गेलेल्याला आम्ही परत घेत नाही, कंपनी म्हणाली. अर्ज फेटाळणाऱ्या बाईंनी सांगितलं, की तो व्यसनी होता हे मला माहीतच नव्हतं. आणि ती दोन पत्रं? २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की सगळ्यांना सारखा लागू असलेला ‘परत घेणार नाही’ हा नियम म्हणजे भेदभाव नव्हे. पण खटला खाली परत पाठवला, तेव्हा २००४ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं, की जुन्या व्यसनामुळेच त्याला नाकारलं का, हे ज्युरीपुढे जाण्याइतका पुरावा इथे आहे.

ती दोन पत्रं आणि आमच्या मुलाचं ते प्रमाणपत्र. माणसाने मोठ्या उमेदीने जोडलेला कागदच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

आता कोकणाचा संबंध. त्या अपघातानंतर तेल कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जहाजांवरच्या दारू आणि नशेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. आमचं तेल वाहायचं तर तुमच्या खलाशांचं धोरण आम्हाला दाखवा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. मग जहाज पनामाचं असो, मालक ग्रीक असो आणि खलाशी दापोली तालुक्यातला असो, चाचणी सगळ्यांना आली. मला त्यात गैर दिसत नाही. माझा मुलगा इंजिनरूममध्ये असता तर शेजारचा माणूस शुद्धीवर असावा असंच मला वाटलं असतं.

पण ही चाचणी सांगते काय, ते समजून घेऊ. मुंबईहून आलेल्या मुलाने तिचं वर्णन केलं, ते ऐकण्यासारखं होतं. खिसे रिकामे करायचे, हात धुवायचे, पेला घ्यायचा. संडासाच्या टाकीतलं पाणी निळं केलेलं, म्हणजे ते पेल्यात मिसळता येऊ नये. बाहेर आल्या आल्या पेल्याचं तापमान बघतात. घरून बाटलीत आणलेली लघवी गार झालेली असते! मग नमुना दोन बाटल्यांत वाटून समोर सील. पहिली चाचणी ढोबळ असते, ती फक्त शंका घेते. शंका आली तरच दुसरी, यंत्रावरची बारीक चाचणी. मोजमाप नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

एवढ्या सगळ्या खटाटोपातून कळतं ते गेल्या काही दिवसांपुरतं. कोकेनचे अंश दोन-चार दिवस सापडतात, गर्दचे दोन-तीन दिवस. गांजा मात्र चरबीत मुरतो, त्यामुळे एखाद्या वेळी ओढणाऱ्यात काही दिवस आणि रोज ओढणाऱ्यात महिनाभरसुद्धा दिसतो. दारू काही तासांत निघून जाते. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी गांजा ओढलेला पण आज ठणठणीत असलेला माणूस पकडला जाईल, आणि काल दुपारी बाटली संपवलेला सुटेल. माणूस कसा आहे हे चाचणीला कळत नाही. काय आणि कधी, तेही अर्धवटच कळतं.

कधी कधी तेवढंही नाही. खसखशीची गोष्ट ऐका. खसखस अफूच्या बोंडातली. ती खाल्ली की लघवीत मॉर्फिनचा अंश येऊ शकतो. अमेरिकेत पूर्वी ३०० नॅनोग्रॅमला माणूस अडकायचा. पावावर खसखस पेरून खाणारे निष्पाप लोक सापडू लागले, तेव्हा १९९८ मध्ये ती मर्यादा २००० वर नेली. शिवाय चाचणीत दोष दिसला तरी आधी डॉक्टर उमेदवाराशी बोलतो, औषध काय घेतलं, खाल्लं काय, ते विचारतो आणि मगच अहवाल देतो. ही पद्धत मला फार माणुसकीची वाटते. आमच्याकडे मटणाच्या वाटणात खसखस लागतेच. अमिरातीत किंवा सौदीत ती पुडी बॅगेत सापडली तर तुरुंग. आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला मी फॉर्मबरोबर हे फुकट सांगत असतो.

तर चाचणी चार दिवसांचं बोलते आणि फॉर्ममधला ‘कधी’ सगळ्या आयुष्याचं विचारतो. कंपनीला हवं असतं ते उद्याचं, हा माणूस उद्या रात्रीच्या पाळीला जागा राहील का? व्याकरणात मी तीन काळ शिकलो. भूतकाळाच्या उत्तरावरून भविष्यकाळ ठरवायचा असेल तर मधल्या वर्तमानाकडे बघावं लागतं, आणि होय-नाहीच्या दोन चौकोनांत ते मावत नाही.

दुसरी रीत असू शकते. ती फार लांब शोधायला नको. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी नियम केले, ते २०२२ च्या जानेवारीअखेर लागू झाले. नोकरीत घेण्याआधी चाचणी आहे, पुढे अचानक चाचण्याही आहेत. पण नोकरीत असलेला माणूस पहिल्यांदा सापडला तर त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचं आणि तो साफ आणि तंदुरुस्त ठरला की पुन्हा कामावर घ्यायचं. दुसऱ्यांदा सापडला तर परवाना तीन वर्षं स्थगित, तिसऱ्यांदा रद्द. शेकडो प्रवासी ज्याच्या हाती, त्याला परत यायला वाट आहे. मग बोटीवर रंगकाम करणाऱ्या पोराला का नसावी?

आणि पुण्याचं मुक्तांगण. मुंबई-पुण्यात गर्द पसरला तेव्हा डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. तिथे आधी पेशंट म्हणून आलेली कितीतरी माणसं पुढे तिथलेच कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. तिथे त्यांचा ‘होय’ त्यांच्या उपयोगी पडतो. नवा आलेला पोरगा थापा मारतो तेव्हा त्या थापा यांनी स्वतः मारलेल्या असतात, लगेच पकडतात.

मला फॉर्म छापायचा अधिकार मिळाला तर मी ‘कधी’ काढून तिथे वर्षांचा आकडा घालीन. अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था एफबीआयसुद्धा गांजाबद्दल पूर्वी गेल्या तीन वर्षांचं बघत असे, २०२१ मध्ये तिने ते एका वर्षावर आणलं. कारण साधं आहे. नाहीतर हुशार पोरं मिळेनात.

आमचा मुलगा सध्या बंदरावर मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात चांगला आहे. गेल्या महिन्यात तो दुसऱ्या एका कंपनीचा फॉर्म घेऊन आला. मी चष्मा लावून आधी तिसरं पान उघडलं. प्रश्न होता, पण त्यात ‘गेल्या पाच वर्षांत’ असं छापलेलं होतं. आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं. बकरी ईदच्या आधीच पाच वर्षं पूर्ण झाली होती. त्याने ‘नाही’ लिहिलं.

मेडिकल येत्या मंगळवारी मुंबईला आहे. मी खसखशीचं सांगितल्यापासून त्याच्या आईने या आठवड्यात वाटणात ती घातलेली नाही.